शेजाऱ्यांचं तारू आणि आजोबांचा मत्स्यावतार

वाचक भगिनीचं पत्र, नावं गाळून आणि थोडक्यात:

आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत, सिनसिनाटी शहराजवळ राहतो. मुलगी नववीत आहे. शेजारची मुलगी तिची लहानपणापासूनची जिवलग मैत्रीण. ते कुटुंब अतिशय प्रेमळ, पण बायबलमधला शब्द न् शब्द खरा मानणारं. देवानं सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि पृथ्वीचं वय साधारण सहा हजार वर्षं, यावर त्यांचा पक्का विश्वास. यंदा शाळेत उत्क्रांतीचा धडा सुरू झाला आणि दोघींचं वाजलं. माझ्या मुलीनं तिला 'तुमच्या घरात सगळेच अडाणी आहेत' असा मेसेज पाठवला. दोन आठवडे ती आमच्याकडे फिरकली नाही. आता तिच्या आईनंच विचारलंय की केंटकी राज्यातलं नोहाचं तारू, म्हणजे बायबलमधल्या महापुराच्या कथेतल्या नावेची प्रतिकृती, पाहायला तुमच्या मुलीला बरोबर नेऊ का. माझे मिस्टर म्हणतात, मुळीच नाही, ते लोक तिच्या डोक्यात नको ते भरवतील.

सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. ते नातीला म्हणाले, "हा त्यांच्या धर्माचा घोळ. आपले दशावतार म्हणजे उत्क्रांतीच. आधी मासा, मग कासव, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग बुटका माणूस." तिनं ते उत्साहानं वर्गात सांगितलं. शिक्षिकेनं समजावलं की गोष्ट सुंदर आहे, पण हे विज्ञान नव्हे. मुलगी घरी येऊन आजोबांवर कडाडली, "तुम्हीपण त्यांच्यासारखेच!" तेव्हापासून ती देवापुढे दिवा लावत नाही आणि आजोबा जेवताना गप्प असतात. मी स्वतः विज्ञानाची पदवीधर आहे, तरी मला सुचत नाही. मैत्री सांभाळू की विज्ञान? मुलीला पाठवू का? सासऱ्यांशी काय बोलू?

ताई,

तुमचं पत्र वाचून मला माझी एक जुनी चूक आठवली. ती आधी सांगते. मी अनेक वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. एकदा उत्क्रांतीवर बोलत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग आदम आणि हव्वा?" मी म्हणाले, "ते घरी ठेवून ये, इथे विज्ञान चालू आहे." वर्ग हसला. त्या मुलीनं परीक्षेत उत्तर अगदी पुस्तकातल्यासारखं लिहिलं, पण वर्षभर पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. तिला काय पटलं, काय नाही, हे मला कधीच कळलं नाही. तिनं मोठ्या धीरानं एक दार उघडलं होतं आणि ते मी बंद केलं, याची खंत आजही आहे.

तुमच्या लेकीच्या त्या मेसेजमुळे असंच एक दार बंद झालं. मात्र शेजारणीनं ते पुन्हा किलकिलं केलंय. तिचं निमंत्रण हा मला धर्मप्रसाराचा डाव वाटत नाही. दुखावलेल्या मुलीच्या आईनं पुढे केलेला तो हात आहे.

आता एक गोष्ट स्वच्छ सांगते, कारण पुढे मी श्रद्धेबद्दल मऊ बोलणार आहे आणि त्याचा भलता अर्थ निघायला नको. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे. सगळे सजीव एकमेकांचे नातलग आहेत. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज ६०-७० लाख वर्षांपूर्वीपर्यंत एकच होते. यात 'त्यांचंही बरोबर, आपलंही बरोबर' असं काही नाही. इंग्रजीत 'थिअरी' हा शब्द बोलताना नुसत्या अंदाजासाठीही वापरतात, म्हणून तिकडे 'उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे' असं सर्रास ऐकू येतं. आपण मराठीत 'सिद्धांत' म्हणतो, म्हणजे तपासून सिद्ध झालेला निष्कर्ष. लेकीला हा शब्द जरूर द्या.

पण तिला एक प्रश्नही विचारा: हे तुला कशावरून माहीत? माझा अंदाज आहे की ती म्हणेल, शिक्षिकेनं सांगितलं, पुस्तकात आहे. तिच्या मैत्रिणीचं उत्तरही तेच असेल, फक्त पुस्तक वेगळं. म्हणजे आज दोघी आपापल्या मोठ्यांच्या शब्दावर विसंबून भांडताहेत. तुमच्या लेकीची बाजू खरी आहे, पण ती का खरी हे तिला अजून हाताला लागलेलं नाही. वादात ती चिडली, त्याचं मूळ मला इथे दिसतं. ज्याच्यापाशी कारण असतं त्याला आवाज चढवावा लागत नाही.

स्वयंपाकघरातूनच सुरुवात करा. आपल्याला आवळा, लिंबू, पेरू का खावे लागतात? कारण क जीवनसत्त्व आपल्या शरीराला बनवता येत नाही. शेळी, कुत्रा, उंदीर ते स्वतःच्या यकृतात बनवतात. ते बनवायला लागणारं जनुक आपल्यातही आहे, पण मोडकं. चिंपांझी, गोरिला आणि माकडांतही तेच जनुक मोडकं आहे, आणि त्यातल्या बिघाडाच्या खुणा एकमेकींशी जुळतात. परीक्षेत दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर शिक्षक संशय घेत नाहीत. दोघांनी एकाच ओळीत एकच चूक केली, की दोन्ही उत्तरं एकाच वहीवरून आलीत हे कळतं. आपल्या पेशींत अशा सामायिक चुका पानोपानी आहेत.

दुसरं उदाहरण टिक्टालिक नावाच्या जीवाश्माचं. मासे कधी होते आणि चार पायांचे प्राणी कधी दिसू लागले, हे खडकांच्या थरांवरून माहीत होतं. मधला प्राणी असेलच तर तो सुमारे ३७.५ कोटी वर्षं जुन्या, नदीच्या गाळातून बनलेल्या खडकात सापडायला हवा, असा हिशेब जीवाश्मतज्ज्ञ नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. नकाशावर तसे खडक शोधले आणि कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडच्या एल्समिअर बेटावर ते उन्हाळ्यांमागून उन्हाळे खणत राहिले. २००४ मध्ये तो सापडला. माशासारखे खवले, पण सपाट डोकं, हलवता येणारी मान आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं. आधी सांगायचं, मग शोधायचं आणि सापडलं नाही तर आपलं चुकलं असं मानायचं. सिद्धांत असा कसाला लागतो.

आता आजोबांकडे येते. तुमच्या पत्रात एक गृहीत दडलंय आणि ते तुमच्या एकटीचं नाही, आपल्याकडे घरोघरी आहे: हे भांडण ख्रिस्ती लोकांचं, आपला धर्म विज्ञानाच्या आड येत नाही. दशावतार आणि उत्क्रांतीचं साम्य एकोणिसाव्या शतकापासून सांगितलं जातंय. जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञालाही त्याचं कौतुक वाटलं होतं. कल्पना म्हणून मलाही ते मोहक वाटतं. पण पुरावा म्हणून तपासायला घेतलं की ते टिकत नाही.

भागवताच्या पहिल्या स्कंधात अवतारांची जी यादी आहे तिच्यात वराह दुसरा येतो आणि मत्स्य थेट दहावा. आपल्याकडच्या कित्येक जुन्या दशावतार चित्रांत नवव्या जागी बुद्धाऐवजी विठोबा उभा असतो. म्हणजे हा क्रम श्रद्धेनं आणि प्रेमानं लावलेला आहे, काळाच्या हिशेबानं नाही. शिवाय उत्क्रांती ही मासा, कासव, डुक्कर, माणूस अशी एकेक पायरी चढत जाणारी शिडी नसून फांद्या फुटत जाणारं झाड आहे. त्यातल्या काही फांद्या तर परत पाण्याकडे वळल्या. व्हेलचे पूर्वज जमिनीवर चालणारे होते, आणि याचे भक्कम पुरावे आपल्याच देशातून आलेत. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकानं जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून गोळा केलेल्या खडकांत लहान हरणासारख्या 'इंडोहायस'ची हाडं होती. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण व्हेलसारखी आहे, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. कच्छच्या खडकांत पाय असलेल्या आदिम व्हेलचे अवशेष मिळाले आहेत. ज्या आजोबांना 'आपल्याकडे हे आधीच होतं' याचा अभिमान हवाय, त्यांना हा खरा अभिमान द्या.

आणि 'आपल्याकडे भांडण नाही' हेही पूर्ण खरं नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातले तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणाले होते की डार्विन चुकीचा आहे आणि माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढून त्याला उत्तर द्यावं लागलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. जे शिक्षक हे वाचत असतील त्यांना कळकळीची विनंती: 'परीक्षेपुरतं वाचून या' म्हणून तो उरकू नका.

तरीही तुमची लेक आजोबांना जे बोलली ते मला दुखलं. तिला शांतपणे एक गोष्ट दाखवा. मैत्रिणीच्या घरचे ज्या तारवाला खरं मानतात, ते आजोबांच्या पहिल्या अवतारातही आहे. शतपथ ब्राह्मणात मासा मनूला प्रलयाची आगाऊ सूचना देतो, नाव बांधायला सांगतो आणि पूर आल्यावर मनू ती नाव माशाच्या शिंगाला बांधतो. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवरही अशीच महापुराची आणि नावेची कथा आहे, बायबलमधल्या कथेहून जुनी. नद्यांच्या काठी राहणाऱ्या माणसांनी सगळं बुडताना पाहिलं, आणि वाचलेल्यांनी 'आपण का वाचलो' हे गोष्टीतून सांगितलं. अशी गोष्ट हजारो वर्षं का टिकली, असं विचारलं तर तिच्यातून पुष्कळ मिळतं. तिला पृथ्वीचं वय विचारलं की मात्र तिच्यावर अन्याय होतो. शेजाऱ्यांकडून आणि आजोबांकडून हाच अन्याय होतोय, आणि तो प्रेमापोटीच होतोय.

शेजाऱ्यांचं मन समजून घ्यायला थोडा इतिहास मदत करेल. सहा हजार वर्षांचा हिशेब हा अडाण्यांचा उद्योग नव्हता. जेम्स अशर हा आयर्लंडमधला आर्चबिशप नावाजलेला विद्वान होता. त्यानं बायबलमधल्या पिढ्या, राजांच्या कारकिर्दी आणि इतर देशांचा इतिहास यांची सांगड घालून १६५० मध्ये सृष्टीचं वर्ष काढलं: ख्रिस्तपूर्व ४००४. त्या काळच्या साधनांनी केलेलं ते प्रामाणिक काम होतं. पुढे साधनं बदलली. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञानं उल्कापाषाणातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) पृथ्वीचं वय काढलं, आणि तो आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे. मग काही कुटुंबं जुन्या हिशेबाला इतकी का धरून बसतात? कारण त्यांना वाटतं, बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या ग्रंथाचं पहिलं पान निसटलं तर पुढचं सगळं पुस्तक निसटेल: पाप, क्षमा, मेलेल्या माणसांची पुन्हा भेट, सगळंच. त्या मुलीला 'पृथ्वी जुनी आहे' असं सांगितलं की तिला ऐकू येतं, 'तुझी आजी तुला पुन्हा भेटणार नाही.' ही भीती मोठी आहे. तिच्यासमोर जीवाश्मांची यादी वाचून उपयोग होत नाही.

आणि 'ख्रिश्चन लोक असेच' हे वाक्य घरात रुळू देऊ नका. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही केवळ एक कल्पना उरलेली नाही, असं स्पष्ट म्हटलं होतं. माणसाचा सगळा जनुकसंच वाचणाऱ्या मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स निष्ठावान ख्रिस्ती आहेत. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावी शाळेत उत्क्रांतीच्या जोडीला दैवी रचनेची कल्पना घुसवायचा प्रयत्न न्यायालयानं हाणून पाडला, तेव्हा उत्क्रांतीच्या बाजूनं मुख्य साक्ष देणारे केनेथ मिलर हे रविवारी चर्चला जाणारे कॅथलिक जीवशास्त्रज्ञ होते.

मैत्री की विज्ञान, असं तुम्ही विचारलंत. मला चार्ल्स डार्विनचं घर आठवतं. १८३९ मध्ये त्यानं एमाशी लग्न केलं. ती मनापासून श्रद्धाळू होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिनं त्याला पत्र लिहिलं. शंका घेण्याच्या सवयीमुळे तू काही मोलाचं गमावशील, आणि मृत्यूनंतर आपली कायमची ताटातूट होईल, ही भीती त्यात होती. त्यानं ते पत्र जन्मभर जपलं. त्यावर त्याच्या हातची ओळ आहे: मी गेल्यावर तुला कळू दे की या कागदावर मी कितीदा ओठ टेकलेत आणि रडलोय. १८४४ मध्ये त्यानं आपला सिद्धांत एका टिपणात लिहून काढला, तेव्हा आपण अचानक गेलो तर तो छापण्यासाठी ४०० पौंड खर्च करावेत, ही जबाबदारी त्यानं कुणा शास्त्रज्ञावर नाही, एमावर सोपवली. ज्या विचाराची तिला भीती वाटत होती, तोच त्यानं विश्वासानं तिच्या हाती दिला. १८८२ मध्ये तो गेला तोवर, त्रेचाळीस वर्षं, दोघांनी संसार केला. मतभेद मिटला नाही, त्यांनी तो मिटवायचा हट्टही धरला नाही.

म्हणून मुलीला पाठवा, पण तिला स्वतःला जायचं असेल तरच. आधी तिच्याकडून माफी जाऊ दे, आणि ती नेमकी असू दे. "पृथ्वीच्या वयाबद्दल मी जे म्हणाले ते मला अजूनही खरं वाटतं. तुझ्या घरच्यांबद्दल जे म्हणाले ते चुकीचं होतं, आणि त्याचं मला वाईट वाटतंय." या दोन वाक्यांची गल्लत होऊ देऊ नका. विज्ञान मागे घ्यायचं नाही, अपमान मागे घ्यायचा. शेजारणीला तुम्ही स्वतः फोन करा, दिवसाचा कार्यक्रम विचारा आणि मोकळेपणानं सांगा की आमच्या घरी आम्ही उत्क्रांती मानतो, पण मुलगी तुमची पाहुणी म्हणून येईल. प्रार्थना झाली तर ती शांत उभी राहील, वाद घालणार नाही. कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर आपण वागतो तसंच.

मिस्टरांची भीती मी समजू शकते. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात फोन आहे, आणि तिथे यापेक्षा कितीतरी जास्त भरवणारे बसले आहेत. तिला न पाठवणं हा बचाव नव्हे. तिच्यासोबत एक वही द्या. त्या तारवाची लांबी ५१० फूट आहे, बायबलमधल्या तीनशे हातांच्या हिशेबानं बांधलेलं. सुतारकाम थक्क करणारं आहे, त्याचं कौतुक तिनं मोकळ्या मनानं करावं. मग प्रत्येक फलकापुढे वहीत दोन रकाने: काय पाहिलं, आणि त्यावरून काय मानलं. तीच वही पुढच्या आठवड्यात सिनसिनाटीच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात वापरा, तितक्याच कडकपणे. आणि तीच दशावतारालाही लावा, आजोबांना शेजारी बसवून. एकाला एक माप, दुसऱ्याला दुसरं, असं घरात होता कामा नये. परत आल्यावर दारातच तिची उलटतपासणी घेऊ नका, इतकं मिस्टरांना सांगून ठेवा.

सासऱ्यांशी बोलताना त्यांना खोडून काढायला जाऊ नका. त्यांना ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त नातीला समजावून सांगायला सांगा. सृष्टी कुठून आली हे खरोखर कोण जाणतं, देवही तिच्यानंतरचे, आणि जो वर परम आकाशातून हे पाहतो त्याला ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' या दाव्यापेक्षा 'माहीत नाही' असं म्हणायची ही तयारी मला फार मोठी वाटते. हे ऐकताना नात आजोबांच्या जवळ सरकेल, असा माझा विश्वास आहे. दिव्याचा आग्रह मात्र कुणीच करू नका. आजोबांनी लावावा, तिनं हवं तर वात करून द्यावी, नको असेल तर नुसतं बसावं. दिवा लावण्यासाठी पृथ्वीचं वय मान्य करण्याची किंवा नाकारण्याची अट कुठल्याही शास्त्रात घातलेली नाही.

शेवटी एक सहल सुचवते, तारवाच्या सहलीची परतफेड म्हणून. तुम्ही राहता तो भाग उथळ समुद्राच्या तळाशी होता, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी. त्या चुनखडीत शिंपले, प्रवाळासारखे जीव, त्रिखंडी शरीराचे ट्रायलोबाइट ठासून भरलेत. ज्या टेकड्यांवर ते तारू उभं आहे त्यांच्या पोटातही तोच खडक आहे. तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या सीझर क्रीक तलावाच्या सांडव्यावर सामान्य माणसांना जीवाश्म वेचता येतात. तिथल्या माहिती केंद्रातून मोफत परवाना घ्यायचा. हातोडी-छिन्नी चालत नाही, सुटं पडलेलंच उचलायचं. पाऊस पडून गेल्यावर जा, चिखल धुऊन निघालेला असतो. शेजारच्या मुलीलाही बोलवा, तिच्या आईलाही, आजोबांसाठी घडीची खुर्ची न्या. कुणी कुणाला काही सांगायला जाऊ नका. दोघींना उन्हात वाकून शोधू दे. तळहातावर मावेल एवढंच घरी नेता येतं, असा तिथला नियम आहे.